खुराकातल्या बुरशीचं नाव-गाव विचारा: सहकारी दूध संघांच्या संचालकांना खुले पत्र

राज्यातील सहकारी दूध संघांचे सन्माननीय अध्यक्ष व संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

नीरा खोऱ्यात गेली बावीस वर्षं मी जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतो आहे. सकाळी तुमच्या संकलन केंद्रावर किटल्या रिकाम्या होत असतात, तेव्हा मी बहुधा त्याच गावातल्या एखाद्या गोठ्यात असतो. तुमच्या बैठकीत जे खरेदीचा दर म्हणून मांडलं जातं, ते मला गव्हाणीत पडलेलं दिसतं. दूध वाढावं म्हणून खुराकात घालायच्या यीस्टच्या (आंबवण्याला वापरतात त्या सूक्ष्म बुरशीच्या) आणि इतर बुरशींच्या पुड्या संघ विकत घेतात, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. एका काकूंचा फोन आला, "डॉक्टर, गाय निम्मा खुराक तसाच टाकते." जाऊन पाहिलं. पाच संकरित गायी, वर पत्रा, दुपारचे दोन. शेण पातळ, त्यावर फेसाचे बुडबुडे आणि मक्याचे न पचलेले कण. कोठीपोटात आम्ल वाढलंय हे शेणच सांगत होतं. काय काय घालता विचारलं, तर काकूंनी पत्र्याजवळच्या फळीवरून तीन पुड्या काढल्या. तिन्हींवर गायीचं चित्र, तिन्हींवर दूध आणि फॅट वाढण्याची हमी, तिन्हींवर कुठेतरी 'यीस्ट' हा शब्द. दोन दुकानातून आणलेल्या, तिसरी त्यांच्या संघाकडून आलेली आणि तिचे पैसे दुधाच्या बिलातून कापलेले. "यातली कुठली बंद करू?" असं काकू विचारत होत्या, आणि मला उत्तर देता येईना. आत कुठली बुरशी आहे, जिवंत आहे की मारलेली, एका ग्रॅममध्ये किती पेशी, त्या कोणत्या तारखेपर्यंत टिकणार, यातलं एकही अक्षर एकाही पुडीवर नव्हतं.

मी तीन पेले मागितले. कोमट पाणी, सुपारीएवढा गूळ, प्रत्येकात एक चमचा पूड. गायीला तपासून होईपर्यंत अर्धा तास गेला. एका पेल्यावर बोटभर फेस चढला होता आणि पावाच्या भट्टीसारखा आंबूस वास सुटला होता. दुसऱ्यात चार-दोन बुडबुडे. तिसऱ्यात पूड तळाशी चुन्यासारखी बसलेली, वर नुसतं गुळाचं पाणी. ही तिसरी संघाची. देताना ती 'जिवंत यीस्ट' म्हणून दिली होती. ते यीस्ट कारखान्यात मेलं, वाहतुकीत मेलं, गोदामात मेलं की काकूंच्या तापलेल्या पत्र्याखाली, हे कोणालाच सांगता येणार नाही. पैसे मात्र काकूंचे गेले.

हा काही मोठा घोटाळा नाही, आणि संघाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा कुठलाही असता. पण बाजारात अशा पुड्यांचा पूर आला आहे आणि तुम्ही त्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आहात. सभासदाला विचारता येत नाहीत ते प्रश्न तुम्हाला विचारता येतात. ते तुम्ही विचारावेत, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आधी हे स्पष्ट सांगतो की यीस्ट आणि बुरशीपासून केलेल्या या पूरक खाद्यांच्या मी विरोधात नाही. चांगलं असेल तर मी स्वतः लिहून देतो. गायीचं कोठीपोट म्हणजे शंभर लिटरहून मोठी आंबवणीची टाकी. कडबा, वाढे, मक्याची कुट्टी यातला चोथा गाय स्वतः पचवत नाही, तिच्या पोटातले जिवाणू पचवतात. चोथा खाणाऱ्या या जिवाणूंना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, आणि गाय तर प्रत्येक घासाबरोबर आणि पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा गिळत असते. जिवंत यीस्ट ती हवा खाऊन टाकतं. शिवाय लॅक्टिक आम्ल वापरणाऱ्या जिवाणूंना बळ देतं, त्यामुळे सामू (पीएच) एकदम कोसळत नाही, म्हणजे पोट एकदम आंबट होत नाही. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात खाऊन आडवी पडलेली गाय आपल्याकडे कोणी पाहिली नाही? तिथे काही तासांत जे घडतं, तेच मका भरड आणि गोळी पेंड जास्त झालेल्या गोठ्यात हळूहळू, महिनोन्‌महिने चाललेलं असतं. फॅट उतरते, खुर दुखतात, गाय रवंथ कमी करते. अशा गोठ्यात यीस्टचा उपयोग होतो. भाताच्या पातेल्यात तोंड घातलेल्या गायीला मात्र यीस्टची पुडी वाचवणार नाही, तिथे डॉक्टरच बोलवायला हवा.

आणि किती उपयोग होतो, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जगभरातल्या चाचण्या एकत्र मांडल्या तर दुधातली सरासरी वाढ दिवसाला लिटरभराच्या आत-बाहेर येते, आणि त्या बहुतेक चाचण्या भरपूर खुराक खाणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या गायींवरच्या. चार लिटरच्या म्हशीला, जिला मुळात वाळल्या कडब्यावर ठेवलंय, तिला आधी हिरवा चारा आणि खनिज मिश्रण द्या. यीस्ट कोठीपोटात घर करून राहतही नाही. एक-दोन दिवसांत ते पुढे वाहून जातं किंवा मरतं. म्हणून आठवड्यातून दोनदा आठवण झाली की चिमूटभर टाकायचं, असं केलं तर पैसा शेणात जातो. रोज, जनावरामागे अब्जावधी जिवंत पेशी पोहोचल्या तरच अर्थ आहे. म्हणून तर जिवंत पेशींचा आकडा पुडीवर हवा, आणि तो कारखान्यातून निघाल्या दिवशीचा नको, वापराच्या शेवटच्या तारखेचा हवा.

काकूंच्या गायीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. भरड कमी केली, आधी कडबा मग खुराक असा क्रम लावला, चार दिवस खाण्याचा सोडा दिला. गाय सावरली. फेस आलेली पुडी चालू ठेवली, बाकीच्या दोन बंद केल्या.

आता या पत्रातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. पुडीवर बुरशीचं नाव हवं असा आग्रह धरला की काही संचालक म्हणतात, "डॉक्टर, नावाला काय करायचंय, दूध वाढल्याशी मतलब." नावाला काय करायचंय ते सांगतो.

या पूरक खाद्यांत यीस्टखालोखाल जी बुरशी वापरतात, ती ॲस्परजिलस ओरायझी. जपानमध्ये शतकानुशतकं तांदळावर हीच बुरशी वाढवून साके, मिसो आणि सोया सॉस करतात. तिकडे तिला कोजी म्हणतात, आणि २००६ मध्ये तिथल्या मद्य-किण्वन संस्थेने तिला राष्ट्रीय बुरशीचा मान दिला. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर ही बुरशी वाढवली, तिच्यातून पिष्ट पचवणारं एन्झाइम काढलं आणि १८९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माणसाच्या अपचनावर ते औषध म्हणून खपलं. आज जनावरांसाठी जी बुरशीजन्य पूड बनते, तिची रीत फार वेगळी नाही. ओलसर कोंडा, त्यावर निवडक बुरशी, ठरावीक ऊब, काही दिवस वाढ, मग वाळवून दळायचं. तिच्यातली एन्झाइम आणि बाकीची द्रव्यं कोठीपोटातल्या चोथा पचवणाऱ्या जिवांना मदत करतात.

या कोजीची सख्खी बहीण म्हणजे ॲस्परजिलस फ्लेवस. दोघींची जनुकं इतकी सारखी, की कोजी ही फ्लेवसचीच माणसाळलेली जात मानली जाते. फ्लेवस मात्र अफ्लाटॉक्सिन बनवते, जनावराचं यकृत पोखरणारं आणि माणसात कर्करोग घडवणारं विष. कोजीत ते विष बनवणारी जनुकं आहेत, पण निकामी झालेली. कोंड्यावर दोन्ही वाढल्या तर पिवळसर हिरवा थरच दिसेल. माझ्या डोळ्यांना फरक कळणार नाही, तुमच्या खरेदी अधिकाऱ्यालाही कळणार नाही. फरक कळतो तो फक्त स्ट्रेनच्या, म्हणजे त्या बुरशीच्या नेमक्या वाणाच्या नावावरून, ती सूक्ष्मजीवांच्या कुठल्या संग्रहात नोंदवली आहे त्या क्रमांकावरून, आणि प्रत्येक खेपेच्या विष-तपासणीच्या कागदावरून. काळ्या ॲस्परजिलस नायजरचंही तसंच. तिच्या निवडक स्ट्रेनपासून उत्तम एन्झाइम मिळतात, तर काही रानटी स्ट्रेन ऑक्राटॉक्सिन हे दुसरं विष तयार करतात. म्हणून नुसतं 'बुरशीजन्य अर्क' किंवा 'फर्मेंटेशन प्रॉडक्ट' एवढंच छापलेली पुडी संघाने गोदामात घेऊच नये, दर कितीही कमी असो.

आणि संचालकहो, फ्लेवस आपल्या गोठ्यात पुडीतून यायची वाट बघत नाही. ती रोजच येते. सरकी पेंडीतून, शेंगदाणा पेंडीतून, परतीच्या पावसात भिजलेल्या मक्यातून. ऑक्टोबरात डांबरी रस्त्यावर मका वाळत घातलेला असतो, दुपारी ढग येतात, गोळा करेपर्यंत सर येऊन जाते. तो मका चौदा टक्क्यांहून जास्त ओलीचा राहिला आणि तसाच पोत्यात भरला, की काम झालं. मी गोदामात गेलो की भिंतीला लागलेल्या सगळ्यात खालच्या पोत्यात हात घालतो. पोतं आतून कोमट लागतं. पेंडेची ढेकळं हाताला येतात, फोडली की आत राखाडी-हिरवी भुकटी आणि दमट तळघराचा वास. ढेकूळ दिसलं की बरं म्हणायचं. भरडून गोळी झाली की दिसायचंही बंद होतं, आणि गोळी करतानाच्या उष्णतेने हे विष जात नाही.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कारण सापडलं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला तिथून झाली. गाय टर्कीसारखी पटकन मरत नाही. ती विषाचा काही भाग दुधात टाकते. दुधात उतरलेल्या या विषाच्या रूपाला एम-१ म्हणतात, आणि आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. हिशोब मांडून बघा. पंधरा लिटर दूध देणारी गाय दिवसाला सात किलो खुराक खाते आणि त्या खुराकात किलोमागे साठ मायक्रोग्रॅम विष आहे, म्हणजे ४२० मायक्रोग्रॅम पोटात. त्यातले दोन टक्के दुधात आले तर ८.४, भागिले पंधरा, म्हणजे लिटरमागे ०.५६. मर्यादा ओलांडली. तोच खुराक भारतीय मानकाच्या वीस मायक्रोग्रॅमच्या आत असता, तर दूध सुरक्षित राहिलं असतं. उकळून किंवा पाश्चरायझेशन करून हे विष नष्ट होत नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यात ३६८ नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पाणी आणि युरियाच्या भेसळीबद्दल आपण इतकं बोलतो, पण त्या पाहणीत सगळ्यात मोठी असुरक्षितता खुराकातून आलेली होती.

त्यातच आता मक्याचा इथेनॉल-चोथा आला आहे, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली आणि मका झपाट्याने इथेनॉलकडे वळला. यीस्ट मक्यातलं पिष्ट खाऊन त्याचं अल्कोहोल करतं, मागे प्रथिनं, चोथा आणि मेलेल्या यीस्टच्या पेशी उरतात. खाद्य म्हणून ते वाईट नाही आणि सोया पेंडीपेक्षा स्वस्त पडतं. पण विष त्या आंबवणीत जळत नाही. पिष्ट निघून गेल्यावर उरतो तो मक्याचा सुमारे तिसरा हिस्सा, आणि मूळ मक्यातलं विष त्या तिसऱ्या हिश्श्यात गोळा होतं, म्हणजे जवळपास तिप्पट. ज्या संघांच्या पशुखाद्य कारखान्यात डीडीजीएसच्या गाड्या सुरू झाल्या आहेत, त्यांनी गेटवरच अफ्लाटॉक्सिनची पट्टी तपासणी केल्याशिवाय गाडी आत घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. गाडीच्या वरच्या थरातला एक मूठभर नमुना चालणार नाही. विष पोत्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, म्हणून दहा-बारा ठिकाणांहून, खोलवरून काढून एकत्र केलेला नमुना हवा.

इथे विक्रेते म्हणतात, "आमच्या यीस्टच्या पेशीभित्तिका टॉक्सिन बांधून टाकतात, काळजी करू नका." हे अर्धसत्य आहे. यीस्टची पेशीभित्तिका झिअरालेनोनसारख्या काही विषांना धरते, पण अफ्लाटॉक्सिनला धरण्यात बेन्टोनाइटसारखी चिकणमाती तिच्यापेक्षा बरीच सरस आहे. आणि कुठलाही टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवणारं द्रव्य, कुजक्या पेंडेला चांगली करत नाही. एका हाताने फ्लेवस विकत घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर उतारा विकत घ्यायचा, हा व्यवहार सभासदाच्या पैशाने चालू आहे.

कोंबडीवाल्यांकडे बघा, असं मी तुम्हाला मुद्दाम सांगेन. मका-सोया खाद्यातलं साधारण दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट या दाण्यातल्या संयुगात अडकलेलं असतं आणि कोंबडीला ते फारसं सोडवता येत नाही. नेदरलँड्समध्ये जमिनीत साठत चाललेल्या खतातल्या फॉस्फरसचा प्रश्न तीव्र झाला, तेव्हा ॲस्परजिलसपासूनचं, हा फॉस्फरस सोडवणारं फायटेज हे एन्झाइम १९९१ मध्ये बाजारात आलं. आज मोठ्या पोल्ट्रीचा खाद्य-हिशोब त्याशिवाय होत नाही. तिथला माणूस फायटेज घेताना ब्रँडचं नाव बघत नाही, युनिट बघतो, म्हणजे एन्झाइमची ताकद. टनाला किती युनिट टाकली, गोळी करण्याच्या उष्णतेत किती टिकली, त्या बदल्यात वरून घालायचं डायकॅल्शियम फॉस्फेट हे फॉस्फरसचं खनिज किती कमी केलं, बॅच निघाल्यावर एफसीआर (किलोभर वजनासाठी किती खाद्य लागलं तो आकडा) किती आला. पुढच्या खरेदीचा निर्णय त्या आकड्यावर होतो. तोच मका आणि तेच विज्ञान गोठ्यात आलं की सगळा हिशोब 'सभासद समाधानी आहेत' या एका वाक्यावर का थांबतो?

अँटिबायोटिकचा मुद्दाही इथेच येतो. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं युरोपने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केलं. आपल्याकडे कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जुलै २०१९ मध्ये बंदी आली. ती जागा यीस्ट, त्याच्या पेशीभित्तिकेतले मॅनन नावाचे शर्करायुक्त घटक आणि अशाच पूरक खाद्यांनी भरून काढायची आहे. काही ई. कोलाय आणि साल्मोनेला जिवाणू आतड्याला चिकटण्याऐवजी या मॅननला चिकटतात आणि विष्ठेतून बाहेर जातात. हे काम चांगलं आहे, आणि नकली पुड्यांनी ते बदनाम होतंय. तीन बॅच वाया गेल्या की पोल्ट्रीवाला पुन्हा अँटिबायोटिककडे वळतो. ते वळणं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर तुम्ही काय करावं? तुमच्या खरेदीच्या निविदेत 'यीस्ट' हा एक शब्द चालवू नका. जिवंत यीस्ट, यीस्ट कल्चर (यीस्ट आणि ते ज्यावर वाढवलं ते माध्यम), पेशीभित्तिका, ॲस्परजिलसचा अर्क, एन्झाइम या वेगवेगळ्या वस्तू आहेत, त्यांची कामं वेगळी आणि दरही वेगळे. प्रत्येकासाठी स्ट्रेनचं नाव व नोंद क्रमांक, शेवटच्या तारखेपर्यंत हमीच्या पेशी किंवा युनिट, आणि खेपेगणिक विष-तपासणीचा दाखला मागा. आलेल्या मालातला एक नमुना दुसऱ्याच प्रयोगशाळेत पाठवा. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं शिरवळला, मुंबईला, परभणीला, उदगीरला आहेत, त्यांच्याशी करार करणं संघाला अवघड नाही. पुड्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका आणि सभासदालाही सांगा, फळीवर नको, घरात माठाजवळ ठेवा.

पण माझा सगळ्यात जास्त जोर एका गोष्टीवर आहे. पुडीचे पैसे दुधाच्या बिलातून सक्तीने कापण्याआधी आपल्याच सभासदांच्या गोठ्यात बघा. तीस-चाळीस गोठे निवडा, वेताचा महिना सारखा असलेल्या गायींच्या जोड्या लावा, जोडीतल्या एकीला पुडी, दुसरीला तसाच दिसणारा नुसता कोंडा. दोन महिने रोजचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), शेणाची अवस्था लिहा. दूध मोजायची यंत्रं तुमच्याकडे गावोगाव आहेत. खर्च जवळपास नोंदवहीचाच. जे आकडे निघतील ते, वाढ दिसो अथवा न दिसो, वार्षिक सभेत वाचून दाखवा आणि मग सभासदालाच ठरवू द्या.

एक शंका राहते, आणि ती मला रोज विचारली जाते, की बेकरीचं यीस्ट आणि गूळ घालून घरीच आंबोण आंबवलं तर? भरड स्वच्छ आणि वास नसलेली असेल, भांडं धुतलेलं असेल आणि त्याच दिवशी संपवलं तर हरकत नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी घालू नका. शिळ्या आंबोणात तुमचं यीस्ट एकटं राहत नाही.

काकूंच्या फळीवरच्या त्या दोन पुड्या मी मागून आणल्या, त्या माझ्याकडे आहेत. ज्या संघाला चाचणी लावायची असेल, त्यांच्या कार्यालयात कोऱ्या नोंदवह्यांसह यायला मी तयार आहे. जोड्या लावून द्यायला, गोठ्यांवर फिरायला एक पैसा घेणार नाही. पावसाळ्याआधी ठरलं तर परतीच्या पावसाचा मका गोदामात यायच्या आत आपल्या हाती पहिले आकडे असतील.

कळावे,

आपला,
नीरा खोऱ्यातला एक पशुवैद्यक